परसात ओटा हवा, तळे नको

मोबाईलवर बघून परसात फरशी, झोपाळा आणि मध्ये छोटेसे तळे करायची हौस आता बुलढाण्यातही आली आहे. ओटा जरूर करावा. सामायिकाला बसायला एवढी मोकळी जागा घरात कुठे मिळते? शहाबादी फरशी, पाणी वाहून जाईल इतका उतार, कडेला मोगरा. माझी हरकत आहे ती तळ्याला.

8 बाय 5 फुटांचे, 2 फूट खोल तळे म्हणजे सव्वादोन हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात बायका टँकरची वाट बघतात, आणि आपण ते शोभेला साठवायचे! त्यात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. मग कोणी सांगते, गप्पी मासे सोडा. म्हणजे अळ्या खायला मासे आपणच आणायचे. औषध टाकले तरी तेच. पाणी गाळून पिणाऱ्या, गाळणीतले जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडणाऱ्या घरात हे कसे बसते? आरोग्य खातेही गप्पी सोडते, खरे आहे; पण ते आधीच साचलेल्या पाण्यात. आपण मुद्दाम साचवतो.

पाण्याचीच आवड असेल, तर 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने आपल्या जिल्ह्यात तलावांतला गाळ काढायचे काम केले, तशा कामाला तळ्याचा खर्च द्यावा. ओट्यावर पाखरांसाठी मातीचे पसरट भांडे पुरे. सकाळी गाळलेले पाणी भरायचे, संध्याकाळी उरलेले मोगऱ्याला.