लासलगांवचा पैसा आणि लासलगांवचा हिशेब

ज्या गांवांत पैसाच नाहीं त्या गांवाची दुर्दशा कां होते हें कोणासही सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या गांवाच्या वेशींतून प्रतिवर्षीं कोट्यवधि रुपयांचा माल जातो, आणि ज्याच्या बाजारांतील सकाळचा भाव ऐकून मुंबई-दिल्लीचे व्यापारी आपले भाव ठरवितात, त्या गांवच्या नळांस कित्येक वेळां आठ-पंधरा दिवस पाण्याचा थेंब येऊं नये, या गोष्टीवर दारिद्र्याचें पांघरूण घालतां येणार नाहीं. लासलगांवची स्थिति ही अशी आहे. तिचें कारण पैशाचा अभाव हें नसून हिशेबाचा अभाव हें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें कां झालें याचा आज थोडा विचार करूं.

लासलगांवच्या लोकांस हिशेब मागतां येत नाहीं असें कोणी म्हणेल तर तें मात्र खरें नाहीं. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं मध्यवर्ती सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० प्रमाणें कर बसविला, तेव्हां याच बाजारांत लिलाव थांबले; सप्टेंबरांत जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांनीं पुन्हां लिलाव बंद ठेवले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात साफ बंद झाली, ती ४ मे २०२४ रोजीं उठली, आणि उरलेला शेंकडा २० चा कर १ एप्रिल २०२५ पासून गेला. या सर्व काळांत शेतकरी व व्यापारी या दोघांनींही दिल्लीस जाब विचारला, आणि तो मोठ्या आवाजानें विचारला. आमचा प्रश्न इतकाच कीं, जो मनुष्य दिल्लीइतक्या दूर असलेल्या सरकारास जाब विचारतो, तो आपल्या घरापासून चारशें पावलांवर असलेल्या कचेरींत जाऊन घरपट्टीचें काय झालें हें कां विचारीत नाहीं?

याचें पहिलें उत्तर असें कीं, गांवचा पैसा एका पेटींत नाहीं. तो तीन पेट्यांत वांटलेला आहे, आणि प्रत्येक पेटीची किल्ली निराळ्या हातांत आहे. पहिली पेटी ग्रामपंचायतीची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर आणि सरकारी अनुदानें हें तिचें उत्पन्न. दुसरी पेटी कृषि उत्पन्न बाजार समितीची. ही समिति १९४७ सालीं स्थापन झाली, आणि कांद्याच्या बाजाराबद्दल लासलगांवची जी अशियाखंडभर ख्याति आहे ती हिच्याच आवारांत वाढली. बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील फी या पेटींत पडते, ग्रामपंचायतीच्या पेटींत नव्हे. तिसरी पेटी पाण्याची. लासलगांव व विंचूर यांसह सोळा गांवांची जी संयुक्त पाणीपुरवठा योजना आहे, तिचें पाणी गोदावरीवरील नांदूरमध्यमेश्वराच्या जलाशयांतून येतें आणि तिचा संबंध एका गांवाशीं नसून सोळा गांवांशीं व जिल्हा परिषदेशीं पोहोंचतो. म्हणजे असें कीं, कांद्यानें लादलेल्या शेंकडों गाड्या ज्या रस्त्यांची चाळण करितात ते रस्ते, ती धूळ आणि तो कचरा गांवाच्या वांट्यास येतो. फी मात्र समितीच्या वांट्यास जाते. गांवकरी एका दारीं गेला म्हणजे त्यास दुसरें दार दाखविण्यांत येतें. तीन दारांची ही व्यवस्था जबाबदारी टाळण्यास जितकी सोयीची, तितकी ती पार पाडण्यास गैरसोयीची आहे.

पहिल्या पेटीकडे पाहूं. पैसा येत नाहीं ही जुनी तक्रार आतां पूर्वीइतकी खरी राहिलेली नाहीं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापैकीं महाराष्ट्रांत शंभरांतले ऐंशी रुपये ग्रामपंचायतींस आणि दहा-दहा रुपये पंचायत समिति व जिल्हा परिषद यांस, अशी वांटणी ठरली. शिवाय २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं त्यांतील शेंकडा ६० रक्कम स्वच्छता व पिण्याचें पाणी याच कामीं लावावी असें बंधन होतें. म्हणजे पाणी हें पहिलें कर्तव्य आहे हें कोणा सभासदाच्या मर्जीवर सोडलेलें नव्हतें. असें असतां कोणत्याही ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचतांना प्रथम पाहण्याची गोष्ट ही कीं, साठांचें काय झालें आणि चाळीसांचें काय झालें. कमानी, सुशोभन आणि एकाच गल्लींतील फरसबंदी पुनःपुन्हां या गोष्टी डोळ्यांस दिसतात, त्यांवर नांवाची पाटी लावतां येते; जमिनीखालच्या गटारावर आणि पाण्याच्या नळावर पाटी लावतां येत नाहीं. खर्चाचा ओघ कोठें वळतो याचें हें साधें कारण आहे, आणि तें एका गांवाचें नसून सर्व देशाचें आहे.

पाण्याच्या पेटींतील दोष निराळा आहे. सोळा गांवांची योजना ही मूळ कल्पना उत्तम. लहान गांवांस एकट्यानें जें झेपत नाहीं तें सोळांनीं मिळून करावें, यांत कोणाचा विरोध असणार? परंतु सोळांचें तें कोणाचेंच नाहीं अशी गत झाली. जुनी जलवाहिनी फुटते, पाणी वाटेंतच जातें. वीजबिल थकतें, वीजमंडळी पुरवठा तोडतात, पंप थांबतात. पाणी येत नाहीं म्हणून लोक पाणीपट्टी भरीत नाहींत. पाणीपट्टी येत नाहीं म्हणून बिल पुन्हां थकतें. या चक्रांतून सुटण्यास नव्या जलवाहिनीची आवश्यकता आहेच, आणि तिच्यासाठीं सरकारी पैसा मागणें रास्त आहे. पण केवळ नळ बदलून हें चक्र तुटणार नाहीं. कोणत्या गांवानें किती पाणी घेतलें, किती पैसे दिले, किती थकविले, आणि विजेस किती गेले, हे चार आंकडे दर महिन्यास सोळाही गांवांच्या चावडीवर लागले पाहिजेत. ते लागले म्हणजे कोणाचा दोष कोठें हें भांडणाशिवाय समजेल. ते लागत नाहींत तोंपर्यंत प्रत्येक गांव पंधरा गांवांकडे बोट दाखवीत राहणार.

आतां बाजार समिति. तिच्या कारभारावर अठरा संचालक असतात. सहकारी सोसायट्यांच्या वतीनें अकरा, ग्रामपंचायतींच्या सभासदांकडून चार, व्यापारी व अडते यांचे दोन आणि हमाल-तोलाऱ्यांचा एक अशी ही रचना आहे. ज्याच्या मालावर बाजार उभा आहे त्या शेतकऱ्यास येथें थेट मत नाहीं. तें २०१७ सालीं कायद्यानें दिलें आणि २०२० सालीं काढून घेतलें. या रचनेंतील एका दुव्याकडे वाचकांनीं बारकाईनें पाहावें. ग्रामपंचायतीचा सभासद हा बाजार समितीचा मतदार आहे. तेव्हां पंचायतीची निवडणूक ही पंचायतीपुरती राहत नाहीं; ती समितीच्या निवडणुकीची पूर्वतयारी होते. समितीची सत्ता ही पुढें जिल्ह्याच्या राजकारणाची शिडी होते. एप्रिल २०२३ मध्यें राज्यभर बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या, तेव्हां त्यांस विधानसभेच्या निवडणुकीची रंगत कां आली याचें मर्म यांत आहे. अशा स्थितींत गल्लींतील गटाराबद्दल सभासदास प्रश्न केला, तर तो प्रश्न कोणत्या गटाचा हें आधीं पाहिलें जातें, आणि गटार तसेंच राहतें. उलट पक्षीं गटबाजीचा फायदा एवढाच कीं, विरोधी गट कधीं कधीं खरी गोष्ट उघड करितो. पण सत्ता पालटली कीं तोच गट तीच गोष्ट झांकतो, हाही अनुभव सर्वत्र आहे.

या गोंधळांत कायदे करणाऱ्यांनींही आपली भर घातली आहे. सरपंच लोकांनीं थेट निवडावा असें २०१७ सालीं ठरलें; २०२० सालीं तें रद्द झालें; २०२२ सालीं पुन्हां सुरू झालें. पांच वर्षांत तीन वेळां नियम बदलला, आणि प्रत्येक वेळीं कारण लोकशाहीचें सांगितलें गेलें. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव तीन-चतुर्थांश सभासदांनीं संमत केल्यावर तो ग्रामसभेपुढें गुप्त मतदानास जावा ही तरतूद चांगली आहे. तीमुळें दोन सभासद फोडून सरपंच बदलण्याचा धंदा मंदावला. परंतु सरपंच एका गटाचा व बहुमत दुसऱ्या गटाचें असें झालें म्हणजे अंदाजपत्रक अडतें, आणि त्याचा भुर्दंड गांवास बसतो. वरच्या पायरीवर तर याहून वाईट झालें. घटनेप्रमाणें मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक झाली पाहिजे; पण मार्च २०२२ मध्यें नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षें तेथें प्रशासकाचा अंमल राहिला. जिल्हा परिषदेंत आपल्या पाण्याचा प्रश्न मांडणारा निवडलेला सभासदच नाहीं, तर मांडणार कोण? त्यांत भर अशी कीं, महसुलासाठीं लासलगांव निफाड तालुक्यांत, आमदारासाठीं येवला मतदारसंघांत आणि खासदारासाठीं दिंडोरी मतदारसंघांत आहे. श्रेय घेण्यास तिघेही येतात. तक्रारीच्या वेळीं हद्द आडवी येते.

यावर कांहीं सुज्ञ गृहस्थ म्हणतील कीं, ग्रामपंचायतीचा कायदा एवढ्या मोठ्या बाजारपेठेस अपुरा आहे. नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाली म्हणजे सर्व सुधारेल. शेजारीं ओझर व पिंपळगांव बसवंत येथें नगरपरिषदा झाल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्यें त्यांच्या निवडणुकाही झाल्या. मोठ्या गांवास मोठा कायदा लागावा हें आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. मुख्याधिकारी, अभियंता, आरोग्य खातें यांचा लाभ खरा आहे. परंतु त्याबरोबर कर वाढतात, आणि एक मोठी गोष्ट जाते, ती ग्रामसभा. प्रत्येक मतदारास उभें राहून प्रश्न विचारण्याचा जो हक्क ग्रामसभेंत आहे, तो नगरपरिषदेंत नाहीं. हातांतलें हत्यार न वापरतांच तें टाकून देण्याची घाई करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

सार्वजनिक पैशाबद्दल एकट्यानेंही बोलतां येतें याचा दाखला आपल्याच इतिहासांत आहे. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्चावेत असा विचार निघाला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें म्हणून विरोधी मत देणारे जोतीराव एकटेच निघाले. भाजीबाजाराची भव्य इमारत बांधण्याच्या खर्चासही त्यांनीं याच कारणानें हरकत घेतली. ती इमारत १८८६ सालीं झालीच, आणि पुढें आचार्य अत्रे पुणें नगरपालिकेंत असतां तिला जोतीरावांचेंच नांव मिळालें. इमारत वाईट होती असें आमचें म्हणणें नाहीं. हा खर्च आधीं कीं तो, हा प्रश्न एका सभासदानें इंग्रजी अमलांतही उघड विचारला, हें महत्त्वाचें. लासलगांवांतही इमारतींबद्दल विचार करण्यासारखें एक उदाहरण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानें कांद्यास कोंब फुटूं नयेत या मुख्य हेतूनें येथें विकिरण केंद्र उभारिलें. पण २००७ पासून त्याचा बोलबाला झाला तो अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यामुळें. उपक्रम उपयोगी ठरला, परंतु ज्याच्यासाठीं तो होता त्या कांदा उत्पादकास किती उपयोग झाला, हें गांवानें विचारलें काय?

दोष केवळ सभासदांच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. अनुदान उशिरां येतें, ग्रामसेवकांवर कामाचा बोजा असतो, आणि पुष्कळ सभासदांस जमाखर्चाचे तक्ते कोणी समजावून दिलेले नसतात. पण कायद्यानें लोकांच्या हातीं जें दिलें आहे तें थोडें नाहीं. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढें गतसालचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू सालचीं कामें, तसेंच लेखापरीक्षकांचे आक्षेप व त्यांस दिलेलीं उत्तरें ठेविलींच पाहिजेत. सभेस शेंकडा १५ किंवा शंभर मतदार, यांपैकीं जी संख्या कमी ती, हजर हवी. आणि येथेंच मेख आहे: गणपूर्ति झाली नाहीं म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हां भरली कीं तिला गणपूर्तीची अट राहत नाहीं. म्हणजे आपण घरीं बसलों तर सभा थांबत नाहीं; ती आपल्यावांचून होते, आणि ठराव आपल्या नांवानें लिहिला जातो. २००५ च्या माहितीच्या कायद्यानें कागद पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि २०२० पासून ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतींचा जमाखर्च घरबसल्या पाहतां येतो.

लासलगांवच्या व्यापाऱ्यांस आमचें विशेष सांगणें आहे. रोजमेळ जमल्याखेरीज ज्यांच्या पेढीवरचा दिवा मालवत नाहीं, एका रुपयाचा फरक निघाला तर जे रात्रभर खातें चाळतात, त्यांस हिशेब म्हणजे काय हें शिकवावयास नको. तीच शिस्त त्यांनीं आतां गांवाच्या खात्यास लावावी. त्यांनीं शेतकरी व हमाल यांस बरोबर घेऊन येत्या ग्रामसभेस शंभर मंडळी न्यावी आणि तीनच गोष्टी मागाव्या: लेखापरीक्षणाचे आक्षेप सभेंत वाचून दाखवावेत, पाणीयोजनेचे चार आंकडे दर महिन्यास लावावेत, आणि बाजारानें गांवाच्या रस्त्यांवर व स्वच्छतेवर जो भार टाकला आहे त्याचा वांटा समितीनें कसा उचलावा हें समिति व पंचायत यांनीं एकत्र बसून ठरवावें. यांत कोणत्याही गटाचा पराभव नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें हमाली-तोलाईच्या कपातीवरून जिल्ह्यांत लिलाव बंद पडले, तेव्हां काट्यावरील प्रत्येक पैशाचा हिशेब कसा मागावा हें सर्वांनीं दाखविलेंच आहे. काट्यावर जो दक्ष असतो त्यानें चावडीवर झोंपीं जाऊं नये. दिल्लीचें धोरण आपल्या हातीं नाहीं; गांवचा जमाखर्च आहे. जें हातीं आहे तेंही सोडून दिलें, तर पाण्यासाठीं कोरडा नळ पाहत बसण्याचा दोष दुसऱ्या कोणाकडे देतां येणार नाहीं.