मेस रविवारी रात्री बंद राहील

नगर रोडवरून : नगररोडकर

खराडी-चंदननगरातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. दुपारी फीस्ट होते, म्हणजे पुरी, मसालेभात आणि एखादं गोड, आणि मग कुलूप. पुण्याची ही जुनी रीत आहे. मेस चालवणाऱ्या मावशींनाही आठवड्यातून एक वेळ गॅस बंद ठेवावासा वाटणारच. त्या रात्री बायपास चौकातून आत वळलं की चायनीज आणि अंडाभुर्जीच्या गाड्यांभोवती मुलामुलींची दाटी दिसते. या भागात किती विद्यार्थी राहतात, याचा अंदाज त्या गर्दीवरून येतो. सरकारी कागदावरून येणार नाही. कागदावर ते कॉलेजच्या पत्त्यावर मोजले जातात आणि राहतात इथं.

खराडीची बाहेरच्या लोकांना असलेली ओळख इऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर, झेन्सार आणि संध्याकाळी सहानंतरची वाहतूक एवढ्यावर संपते. पण नकाशा उघडून बघा. वाघोलीत रायसोनी, जेएसपीएम आणि ढोले पाटील, लोहगावला लागून चऱ्होलीत अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठ, विमाननगरला सिम्बायोसिस आणि या सगळ्यांच्या मधोमध खराडी. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही किंवा मिळूनही परवडली नाही, की पोरं इथं कॉट शोधत येतात. त्यात भर पडते ती शेवटचा पेपर देऊन, हातात डिग्री घेऊन 'क्लास लावलाय' म्हणत दीड-दोन वर्षं राहणाऱ्यांची. कॉलेजच्या लेखी ती बाहेर पडली आणि कंपनीच्या लेखी अजून आत आली नाहीत. घरी सांगताना 'प्लेसमेंटचं चालू आहे' हे एकच वाक्य.

या मुलांना 'विद्यार्थी सुविधा' कोण पुरवतं? तर मेसवाल्या मावशी, पीजीचा मालक, झेरॉक्सवाला, खासगी अभ्यासिका आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. मेसचं कार्ड, त्यावरचे खाडे, चार दिवस गावी गेलं तर किती खाडे धरायचे यावरची घासाघीस हे इथलं रोजचं अर्थकारण आहे. स्कॉलरशिप अडकली की मावशी महिनाभर थांबतात. ताप आला तर वरणभाताचा डबा खोलीवर पोचतो. हे सगळं माणुसकीवर चालतं आणि त्याचं कौतुक करायला मला आवडतं. पण माणुसकीवर चालणारी गोष्ट मालक बदलला, भाडं वाढलं, मावशींचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की बंद पडते. तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

व्यवस्था कागदावर आहे, आणि चांगली जाडजूड आहे. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या 'नॅक'च्या सात निकषांतला पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती हाच आहे. नॅकची समिती यायच्या आधी कुठल्याही कॉलेजात चक्कर मारा. समुपदेशन कक्ष, आरोग्य कक्ष, तक्रार निवारण समिती, सगळ्यांच्या पाट्या ताज्या रंगात दिसतील. प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागे एक जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक असतो. मुलांना मात्र तो भेटतो कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर, पालकांना फोन करायला. यात त्या शिक्षकाचा दोष फार नाही. तो स्वतः कंत्राटावर असतो, त्याच्यावर तासिकांचा, प्रवेशाचा आणि याच नॅकच्या फायलींचा बोजा असतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावलेले हवेत. निवासी संस्थांत मुलं स्वतःला इजा करू शकणार नाहीत असे पंखे बसवायचे, इतक्या बारकाव्यापर्यंत न्यायालय गेलं. निकाल स्वागतार्ह आहे. फक्त त्याची भाषा 'संस्था' आणि 'वसतिगृह' अशी आहे, आणि आमचा मुलगा झोपतो थिटे वस्तीतल्या पीजीच्या तिसऱ्या मजल्यावर, तिघांच्या खोलीत. तिथं क्रमांक कोण लावणार? (लावायचा असेल तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ वर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलते. मेसच्या भिंतीवर मेनूशेजारी हा आकडा लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.)

गंमत म्हणजे कॉलेजची हद्द फाटकापाशी संपत नाही, हे कायद्याला एका बाबतीत चांगलं माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे रॅगिंगविरोधी नियम आवारातल्या आणि आवाराबाहेरच्या राहण्याच्या जागा, कँटीन, इतकंच काय विद्यार्थ्यांच्या प्रवासाची वाहनंसुद्धा कवेत घेतात. शिक्षा करायची तर हात खोलीपर्यंत पोचतो. तोच मुलगा डेंग्यूने फणफणला तर तो 'बाहेरचा' ठरतो. मग रूममेट त्याला दुचाकीवर मधे बसवून येरवड्याच्या राजीव गांधी रुग्णालयात किंवा थेट ससूनला नेतात.

पैशाची बाजूही पाहू. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, त्यात भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं आणि ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आल्या. योजना मोलाच्या आहेत. अनेक घरांतला पहिला पदवीधर यांच्याच बळावर पुण्यात टिकला आहे. पण निवासाचे २० हजार म्हणजे महिन्याला १,६७० रुपयांच्या आत. आयटीवाल्यांच्या पगाराकडे बघून भाडं ठरणाऱ्या खराडीत एवढ्यात तिघांच्या खोलीतली कॉटसुद्धा येत नाही, डिपॉझिट तर वेगळंच. आणि हप्ता उशिरा येतो, ही तक्रार दर वर्षीची. शिवाय भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला की पीजीचा मालक हात वर करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, पण हे त्याला ऐकवायला अठरा वर्षांच्या पोराला केवढी हिंमत लागेल!

मुलींसाठी राज्य सरकारने २०२४-२५ पासून मोठं पाऊल टाकलं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. त्यात राहण्याचा आणि जेवण्याचा खर्च नाही. त्यामुळे परभणी-धाराशिवकडची एखादी मुलगी फी न भरता वाघोलीत प्रवेश घेते आणि सुरक्षित खोली परवडत नाही म्हणून पहिल्या वर्षातच परत जाण्याचा विचार करते. तिला परत बोलावणाऱ्या बापाला कुणी दोष देऊ नये.

पैसे खात्यात टाकले की सेवा दिली, असं सरकारलाही वाटतंच. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांतली जेवणाची सोय बंद करून रोख रक्कम मुलांच्या खात्यात द्यायचं ठरवलं. मुलांनी काय केलं? त्या जुलैत ती पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. मागणी अशी की पैसे नकोत, मेस सुरू ठेवा. पैसे वेळेवर येत नाहीत, आले तर घरच्या गरजेला जातात आणि पोट रोज दोनदा भूक सांगतं, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. सिन्नरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना अडवलं.

महाराष्ट्रात शिक्षणाचा इतिहास राहण्या-जेवणाच्या सोयीपासून सुरू होतो, हे आपण विसरलो आहोत. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला घेतली. पुण्यात माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग १९२४चं. १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातला मुलगा पुण्यात हुशारीअभावी हरत नाही, जागा आणि जेवण नसल्याने हरतो, हे त्यांनी ओळखलं. आमच्या शेजारच्या विमाननगरात पसरलेल्या सिम्बायोसिसचं मूळही तिथंच आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी काविळीने आजारी मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून डबा देताना पाहिली, आणि परदेशी मुलांसाठी काही करायला हवं या विचारातून १९७१ मध्ये ती संस्था उभी राहिली, असं ते स्वतः सांगत आले आहेत.

मग हे तुटलं कुठं? माझ्या मते १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. त्याने हजारो मुलं इंजिनीअर झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या नमुन्यात आधी जमीन, मग इमारत, मग जागांची मंजुरी आणि वसतिगृह शेवटी, परवडलं तर, असा क्रम पडला. जिथं ते बांधलं गेलं तिथंही ते उत्पन्नाचं साधन ठरलं. आता त्याच घाटातली विद्यापीठं नगर रोडला आहेत.

प्रत्येक कॉलेजने नवं वसतिगृह बांधावं, असं सांगून मी हा लेख संपवू शकतो, पण ते होणार नाही आणि झालं तरी क्लासवाल्या पोरांचा प्रश्न राहीलच. त्यापेक्षा एक आटोपशीर मागणी. २०२१ मध्ये वाघोलीही महापालिकेत आली, त्यामुळे लोहगाव-वाघोली-खराडी-विमाननगर हा सगळा पट्टा आता एकाच पालिकेच्या अखत्यारीत आहे. मोठ्या बांधकाम प्रकल्पांतून पालिकेला मिळालेल्या ॲमेनिटी स्पेस खराडीत आहेत. त्यातली एक विद्यार्थी केंद्रासाठी द्या. संध्याकाळी सहा ते दहा डॉक्टर, आठवडाभर समुपदेशक, रात्री उशिरापर्यंत उघडी अभ्यासिका, स्वाधार आणि शिष्यवृत्तीच्या 'महाडीबीटी' पोर्टलवरचे अर्ज भरून देणारं टेबल, आणि पालिका-पोलिसांनी पाहणी केलेल्या पीजींची यादी. वर्षाचा खर्च आसपासच्या कॉलेजांनी विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात उचलावा. एका कॉलेजला पूर्णवेळ समुपदेशक जड वाटत असेल, तर पाच-सहा कॉलेजांनी मिळून तिघे नेमायला काय हरकत आहे? आणि दाराशी कुणाचंही ओळखपत्र विचारू नये.

मेट्रो आली की मुलांना लांब, स्वस्तात राहता येईल, तोवर वाट बघा, असं कुणी सांगेल. मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत आली, पुढे वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती धावू लागेल तेव्हा आज पहिल्या वर्षाला असलेला पोरगा कुठंतरी नोकरीला लागलेला असेल.

सोसायट्यांचं काय, हेही विचारायला हवं. 'बॅचलर नकोत' असा ठराव करणाऱ्या आपल्या सोसायट्यांतल्याच अनेकांची मुलं आज बेंगळुरूत नाहीतर जर्मनीत भाड्याची खोली शोधत आहेत.

या मागणीमागे मतं नाहीत, ही खरी अडचण आहे. या मुलांची नावं मतदारयादीत गावाकडे आहेत, त्यामुळे खराडीच्या कुठल्याही उमेदवाराला त्यांच्या दारात जायची गरज पडत नाही. ज्यांची नावं इथल्या यादीत आहेत, त्यांनी पुढच्या प्रभाग सभेत हा एक विषय लेखी द्यावा.