वेताळाचा प्रश्न कुठे गेला?

सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त वेताळाची खरी दहशत त्याच्या प्रश्नात आहे. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले व्हायची. १९८५ च्या 'विक्रम और बेताल' या दूरदर्शन मालिकेने हा प्रश्न निदान जपला. २०२० च्या 'बेताल' या वेबमालिकेत मात्र उरली ती झोंबी झालेली ब्रिटिश पलटण. जत्रेतला भूतबंगलाही नुसता किंचाळतो. विचारत काहीच नाही. याला लोकाभिरुची म्हणून सूट देणारी समीक्षा आम्हांस मान्य नाही. आटपाडीसारख्या गावात विद्यार्थ्याची वेताळाशी पहिली भेट आज पडद्यावरच होते. म्हणून वर्गात आधी कथा वाचावी, आणि राजाचे उत्तर झाकून विद्यार्थ्यालाच न्याय विचारावा. ठाऊक असून गप्प बसण्याची मुभा तिथे कोणालाच नसावी.