तीन तासांचा इस्टू

ठाण्याची थंडी ती काय, असं पुण्या-नाशिकचे नातेवाईक आम्हाला नेहमी चिडवतात. चिडवोत बापडे! जानेवारीत आठ-दहा दिवस पहाटे पारा पंधरा-सोळावर उतरला, की आम्हा खोपटवाल्यांच्या कपाटातले स्वेटर, मफलर, कानटोप्या सगळं बाहेर येतं. एसटी स्टँडवर पहाटेच्या गाडीची वाट बघणारी माणसं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून उभी असतात. पितात कमी, शेकतात जास्त. अशाच एका जानेवारीत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा मांस शिजवलं. तेही साधंसुधं नाही. मोठ्याचं!

दचकलात ना? मीही दचकले होते. आमच्या माहेरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. सासरी अंडं यायचं, पण त्याचं भांडं वेगळं. 'रुचिरा' उशाशी घेऊन संसार केलेली मी. तर झालं असं...

आमच्या तळमजल्यावर एक शेजारीण राहते. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मातीतली ख्रिस्ती. पुष्कळांना वाटतं, ईस्ट इंडियन म्हणजे बंगालकडचे कुणी तरी. तसं नव्हे. ठाणे, वसई, साष्टी भागातले हे मूळचे मराठी बोलणारे लोक. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं, कंपनी सरकारच्या नावावरून हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण घरातली भाषा मराठीच. माझी ही शेजारीण मला गेली चाळीस वर्षं 'बाई' म्हणते, कारण तिची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती. आमच्याकडून दिवाळीला चकल्या खाली जातात, तिच्याकडून नाताळात फुगे वर येतात. (फुगे म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. माझ्यासाठी ती अंडं न घालता वेगळे करते.) पण तिच्या सैपाकघरात चुलीशी मी कधी उभी राहिले नव्हते.

डिसेंबरअखेर ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. जानेवारीत तिच्या नवऱ्याच्या वर्षाचा दिवस येतो. सकाळी मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये मिस्सा, आणि दुपारी घरी इस्टू. नवऱ्याला आवडायचा म्हणून तो गेल्यापासून दरवर्षी ती करते. मुलगा म्हणाला, "ममा, या वर्षी बाहेरून मागवू." ती काही बोलली नाही. संध्याकाळी मी भाजी घेऊन डोकावले, तर अंधारात बसून होती. म्हणाली, "बाई, बाहेरचा त्याला आवडायचा नाय."

माणूस जाऊन अकरा वर्षं झाली. पण वाक्य असं होतं की तो दुपारी जेवायला येणारच आहे! माझ्या तोंडून निघून गेलं, "तू खुर्चीवर बसून सांग. मी करते."

रात्रभर झोप नाही, हे कबूल करते. मांसाला हात लावायचा म्हणून पाल चुकचुकत होती, आणि त्याहून जास्त धास्ती ही की इमारतीत कळलं तर काय!

आता जरा कायद्याचं. बीफ म्हटलं की लोक एकदम आवाज खाली आणतात, जणू चोरीचा माल. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी आली. पुढे १९९५ साली विधिमंडळानं बैल आणि वळू यांच्यासाठीही दुरुस्ती मंजूर केली. ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षं पडून होती आणि मार्च २०१५ मध्ये लागू झाली. म्हैस-रेडा त्यात नाही. म्हणजे आज ठाण्यात 'बड्याचं' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं, आणि ते विकणं, आणणं, शिजवणं यात गुन्हा नाही. शेजारणीच्या घरी २०१५ पासून तेच येतं. तिचं म्हणणं, चव थोडी बदलली, रंग काळपट झाला, आणि शिजायला वेळ जास्त लागतो. बाकी तक्रार नाही.

सकाळी मुलानं राबोडीहून किलोभर आणून, धुऊन, मोठे तुकडे करून दिले. पायाकडचं मांस, शिरा-नळ्यांचं. मला वाटलं, पाहुणे यायचे तर चांगलं मऊसूत का नाही आणलं? तर ती हसली. मऊ मांस इस्टूला फुकट जातं म्हणाली. जनावर ज्या पायांवर आयुष्यभर उभं राहतं, चालतं, ते मांस चिवट; पण मंद आचेवर दोन-तीन तासांनी त्यातल्या शिरा विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा, चकाकी येते. हे तिच्या आजीचं ज्ञान. मी नंतर नातवाला विचारलं, तर तो म्हणाला की शिरांमध्ये कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, त्याचं उष्णतेनं हळूहळू जिलेटिन होतं. घ्या! आजीला कोलॅजन ठाऊक नव्हतं, इस्टू मात्र दाट होत होता.

कृती सांगते, कारण ती मी आता विसरणार नाही. तुकडे फडक्यानं कोरडे करायचे, मीठ-मिरी लावून मैद्यात हलके घोळवायचे. जाड बुडाच्या पातेल्यात तेल कडकडीत तापलं की चार-पाच, चार-पाच असे परतायचे. मी एकदम सगळे टाकायला निघाले, तर खुर्चीतून ओरडा आला, "बाई, गर्दी नको! पाणी सुटेल, रंग येणार नाय." पन्नास मुलांच्या वर्गासमोर उभी राहिलेली मी, गर्दीबद्दल मला सांगते! पण बरोबर होतं तिचं. थोडे थोडे परतले तेव्हा खमंग तपकिरी रंग चढला. मग त्याच तेलात कांदे, आलं-लसूण, दालचिनी, लवंगा, तमालपत्र, भरपूर मिरी. तिचा तो प्रसिद्ध बाटली मसाला यात नाही हं. इस्टू मिरीचाच, असं तिच्या घरचं शास्त्र. चमचाभर व्हिनेगर, उकळतं पाणी, झाकण, आणि गॅस अगदी बारीक. गाजर-बटाटे शेवटच्या पाऊण तासात, मटार अगदी अखेरीस.

आणि मग तीन तास. काही करायचं नाही. अधूनमधून झाकण काढून बघायचं, लागलं तर पाणी घालायचं. मुलानं मध्येच सुचवलं की कुकरला लावा, आठ शिट्ट्यांत होईल. त्याचंही चूक नाही. कुकरमध्ये मांस मऊ होतंच. पण ते तीन तास आम्ही दोघी त्या खोलीत बसलो, खिडकीच्या काचेवर वाफ जमली, आणि तिनं नवऱ्याबद्दल चाळीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. आठ शिट्ट्यांत ते झालं नसतं एवढंच म्हणते.

जगभरात थंडीतले असे रस्से गरिबांनीच शोधले असणार असं मला वाटतं. हंगेरीतला गुलाश म्हणे मुळात गुराख्यांचं जेवण, त्या भाषेत शब्दाचा अर्थच गुराखी. आपल्याकडे शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे २०१५ साली आलेलं पुस्तक जरूर वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजायचं, जनावराचा कुठला भाग कसा वापरायचे, मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या कशा साठवायचे, सगळं आहे त्यात. मी बी.ए.ला मराठी घेतलं, जन्मभर मराठी शिकवलं; पण मराठी स्वयंपाक म्हणजे पुरणपोळी आणि आमटी, फार तर कोंबडी-वडे, याच्या पलीकडे माझी धाव नव्हती.

चान्या म्हटल्या आणि एक गोष्ट सांगणं भाग आहे. गेली चाळीस वर्षं ती मी कुणाला सांगितलेली नाही.

१९८४ चं साल असेल. सहावीच्या वर्गाची मी वर्गशिक्षिका. मधल्या सुट्टीत दोन मुली नाक धरून आल्या, "बाई, त्याच्या डब्यात कसलं तरी मांस आहे." मी गेले. भाकरी, आणि वाळलेल्या मांसाचं कोरड्यास. मुलगा मुकाट्यानं खात होता. मी रागावले नाही, आवाजही चढवला नाही. उलट अगदी गोड बोलले, "बाळ, उद्यापासून असं काही आणू नकोस हं. बाकीच्यांना त्रास होतो." तो 'हो बाई' म्हणाला. मला वाटलं, किती समजूतदारपणे मिटवलं मी!

तीन-चार आठवड्यांनी लक्षात आलं की तो डबाच आणत नाही. मधल्या सुट्टीत नळावर पाणी प्यायचा आणि मैदानाच्या कडेला उभा राहायचा. घरी दुसरं काही नसेल, किंवा घरी सांगायची लाज वाटली असेल. मी विचारलं नाही. धीर झाला नाही म्हणा. आणि गंमत बघा, दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा मी ते एका बैठकीत वाचून काढलं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर तावातावानं बोललेही होते. पुस्तकातली भूक मला समजली, तिसऱ्या बाकावरची समजली नाही. पुढच्या वर्षी त्या मुलानं शाळा बदलली. पुन्हा भेट नाही.

म्हणून त्या दिवशी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाराच्या सुमाराला "कुणाच्या घरी काय शिजतंय? वास येतोय, कृपया इतरांचा विचार करावा" असा नमस्काराच्या हातांसकट निरोप आला, तेव्हा मला त्याची भाषा फार ओळखीची वाटली. अगदी माझीच! गोड, समजूतदार, आणि समोरच्याच्या तोंडचा घास काढणारी.

वासाचं म्हणाल, तर आमच्या जिन्यात हिंगाची फोडणी असते, पावसाळ्यात सुके बोंबील भाजले जातात, आमच्याच घरी मिरच्यांचा खकाणा उठतो तेव्हा दुसरा मजला खोकतो. त्यावर कुणी निरोप टाकत नाही. म्हणजे वास नाकाला येत नाही, मनाला येतो. मी उत्तर लिहिलं, "मी इस्टू करते आहे. साडेबारापर्यंत होईल." खाली नाव. पुढे ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दोन जणी जिन्यात माझ्याशी बोलायच्या थांबल्या, त्यातली एक होळीला पुन्हा बोलू लागली.

तुम्ही म्हणाल, बाईंना म्हातारपणी पुरोगामीपणाचं वारं लागलं. तसं नाही हो. वसुबारसेला मी अजून गाय-वासराची पूजा करते. आई रोज गोग्रास काढायची, तिच्या श्रद्धेला मी कधी हसणार नाही. ज्याला खायचं नाही त्याच्या ताटात कुणी काही वाढू नये, हे मलाही हवंच आहे. पण माझी श्रद्धा माझ्या ताटापुरती. ती घेऊन मी दुसऱ्याचं झाकण उघडायला का जावं? आणि श्रद्धेचा हिशोबही कधी तरी मांडावा. मुरबाडकडे आमचे चुलतभाऊ शेती करतात. जानेवारीतच पौष पौर्णिमेला तिथे म्हशाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार. लहानपणी वडिलांबरोबर आम्ही घोंगडी आणायला जायचो. भाऊ सांगतो, पूर्वी थकलेला बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून नवा घेता यायचा. आता म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. घरी ठेवला तर वैरण घालायची, सोडून दिला तर पाप. तो स्वतः माळकरी आहे, मांसाला शिवत नाही. तरी २०१५ च्या त्या दुरुस्तीबद्दल तो जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं. ज्यांनी कधी गोठा झाडला नाही त्यांनी हा कायदा केला, असं त्याचं मत. मला ते पटतं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

असो. दुपारी एकला पातेलं उतरवलं. मिठाचा प्रश्न होता, कारण मी चाखणार नव्हते. चमचा तिच्या तोंडाशी धरला. तिनं डोळे मिटले, जिभेवर घोळवलं, म्हणाली, "मीठ कमी. मिरी बरोबर." मीठ घातलं. पुन्हा चमचा. या वेळी काही बोलली नाही, फक्त डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं.

पाहुणे आले, पावाबरोबर सगळ्यांनी खाल्लं. मी खाल्लं नाही. जमलं नाही. पन्नास-साठ वर्षांची जीभ एका दुपारीत वळत नाही, आणि त्याची लाज वाटून घ्यावी असंही मला वाटत नाही. माझ्यासाठी तिनं सुनेकडून वरणभात करून घेतला होता. त्याच टेबलावर, त्यांच्यातच बसून जेवले.

पातेलं घासायलाही मीच बसले. तळाला चिकटलेलं निघता निघेना.

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. हात पूर्वीसारखा वळत नाही, जड पातेलं उचलवत नाही. परवा जिन्यात भेटली तेव्हा विचारत होती, "बाई, बाजारात लाल गाजरं दिसली काय?"