पायऱ्या कोणाच्या घामाच्या?

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात हेअरवुड नावाचा सरदारी वाडा आहे. वाड्यापुढे रुंद दगडी गच्ची, कोरीव कठडे, कारंजी आणि बागेत उतरणाऱ्या ऐटबाज पायऱ्या. हे कोणी केले, असे विचारताच उत्तर तयार असते: लंडनच्या पार्लमेंटची नवी इमारत आखणाऱ्या सर चार्ल्स बॅरीने, १८४० नंतरच्या दशकात. ठीक. आराखडा त्याचा, पण पैसा कोणाचा, असे आम्ही विचारतो.

वाड्याचे धनी लॅसेल्स घराणे. बार्बाडोस बेटावरील साखर आणि गुलामांचा व्यापार यांवर ते गबर झाले व १७५९ साली वाड्याचे काम सुरू झाले. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे उन्हात ऊस तोडीत. साखर गोड लागे ती मालकास!

१८३३ साली पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मग भरपाई कोणास मिळाली? राबणारास? छे! दोन कोटी पौंड मालकांस वाटले. एकट्या हेअरवुडच्या अर्लास १,२७७ माणसांबद्दल २६ हजारांहून अधिक पौंड पोचले. सुटलेल्यांच्या हाती छदामही नाही. उलट १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर बिनमजुरीची वेठ. ज्याचे लुटले त्याच्या हाती करवंटी आणि लुटणारास पागोटे!

या भरपाईसाठी सरकारने काढलेले कर्ज पुरते फिटले ते २०१५ साली. म्हणजे इंग्लंडात कर भरणाऱ्या त्या गुलामांच्या पणतवंडांनीही ते फेडले. शेतकरी बंधूंनो, बापाचे कर्ज लेकाने फेडणे तुम्हांस ठाऊक आहे. पण आज्यास राबविणाऱ्या मालकाचे देणे नातवाने फेडावे, हा न्याय कोणत्या चावडीवरचा?

कोणी म्हणेल, बाग सुंदर आहे, जुने कशाला उकरता? सौंदर्याशी आमचे वैर नाही. पायऱ्या फोडा, असेही आम्ही म्हणत नाही. घराण्याचा आजचा वारस हा इतिहास उघडपणे मान्य करतो, हेही बरेच आहे. पण कबुलीने हिशेब पुरा होत नाही. १८१७ पासूनच्या सरकारी नोंदवह्यांत बार्बाडोसच्या गुलामांची नावे आहेत. माल म्हणून मोजताना जी नावे सापडली, ती मान देताना का सापडू नयेत? बॅरीच्या नावाशेजारी ती पहिल्या पायरीवर कोरावीत. मग उतरणारास कळेल, आपला पाय कोणाच्या पाठीवर पडत आहे.