अतिदक्षता विभागातील परिचारिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक

गेल्या महिन्यात सात नंबरच्या बेडवरचा रुग्ण पहाटे चारला गेला. नाईटच्या सिस्टरने नळ्या काढल्या, अंग पुसले, हनुवटी बांधली, ओळखपट्टी लावली आणि बाहेर बसलेल्या मुलाला आत घेतले. तो रडत असतानाच कॅज्युअल्टीचा फोन : बेड झाला का? पाच वाजता तिथे नवा रुग्ण व्हेंटिलेटरवर होता. आणखी दोन बेड तिच्याकडे होतेच. सकाळी ओव्हर देताना ती म्हणाली, "मला काहीच वाटलं नाही गं, त्याचीच भीती वाटते."

याला करुणेचा थकवा म्हणतात. परिचारिकांच्या संदर्भात हा शब्द 1992 पासून वापरात आहे. आपल्याकडे मात्र अजून "सिस्टर चिडचिड्या झाल्यात" एवढ्यावरच भागवले जाते. औषध म्हणून योगशिबिर आणि 12 मेला परिचारिका दिनाचे गुलाबाचे फूल मिळते. फुलाबद्दल तक्रार नाही, पण शिबिरही आमच्या ऑफच्याच दिवशी ठेवतात!

आमची पहिली मागणी माणसांची. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा. आमच्याकडे नाईटला तिघांमागे एक असते. रिक्त पदे भरा, आणि अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरच्या कंत्राटी सिस्टरना त्याच कामाचे तेच वेतन द्या.

दुसरी मागणी सावरायला वेळ मिळण्याची. रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या सिस्टरला पंधरा मिनिटे कामातून सोडवावे. तेवढा वेळ तिचे बेड परिसेविकेने पाहावेत. विभाग बदलून मागणाऱ्या परिचारिकेवर कामचुकारपणाचा शिक्का बसू नये. करुणेतून मिळणारे समाधान आणि थकवा मोजणारी 30 प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे. ती वर्षातून दोनदा, निनावी भरून घ्यावी. उत्तरे गोपनीय अहवालापर्यंत पोचता कामा नयेत.

आणखी एक मागणी, बिनखर्चाची. आमचा रुग्ण वॉर्डात गेला की आमच्यापासून तुटतो. तो घरी गेला का, हे लिफ्टमध्ये भेटलेल्या वॉर्डबॉय मामांकडून कळते. एकदा ट्रॅकिओस्टॉमी झालेले एक आजोबा तीन महिन्यांनी चालत दारात आले, गळ्यावरची खूण दाखवून हसले. त्या आठवड्यात कोणी रजा मागितली नाही. वॉर्डातून डिस्चार्ज झालेल्या आमच्या रुग्णांची यादी दर सोमवारी विभागात लावावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास सोळाव्या दिवसापासून काळ्या फिती लावून काम करू. बेडसाइड कोणी सोडणार नाही.

आपली,
कार्यकारिणी, परिचारिका संघटना