पावसाळी यात्रेचें बोचकें

गेल्या श्रावणांतील एका सोमवारीं राजुरीहून आमच्या घरचीं अकरा माणसें भीमाशंकरास गेलीं. निघतेवेळीं राजुरीस कोरडें ऊन होतें. आळेफाटा, नारायणगांव, मंचर मागें पडलीं, घोडेगांव ओलांडून डिंभ्यापुढें चढ लागला, आणि धुकें, वारा व पाऊस यांनीं आम्हांस एकदमच गांठलें. कपड्यांची वाण मुळींच नव्हती. एकट्या थोरल्या काकांचींच तीन धोतरें होतीं. परंतु दर्शनाच्या रांगेंत अंगावरचें भिजलें, आणि पायऱ्या चढून परत येऊन पाहतों तों गाडीच्या टपावरील बोचक्यांतलीं दोन्हीहि निथळत होतीं. काका थरथर कांपूं लागले. घरीं आल्यावर ते एवढेंच म्हणाले, "पुढल्या वर्षीं मला नेऊं नका. माझ्यामुळें सर्वांची अडचण होते."

हे शब्द आमच्या जिव्हारीं लागले. अडचण काकांची नव्हती. आमच्या बोचक्याची होती.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. अंगावरील ओलें वस्त्र ती पुष्कळशी अंगांतूनच ओढून घेतें. सुती कापड तर पाणी धरून ठेवितें आणि अंगास चिकटतें. लोंकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनहि फारशी ओली लागत नाहीं. मेंढरें राखणारा धनगर पावसांत घोंगडी पांघरतो तो उगाच नव्हे. आमच्या आजीची सोंवळ्याची धाबळीहि लोंकरीचीच होती. ती जुनाट म्हणून आम्हींच माळ्यावर टाकिली!

दुसरी गोष्ट थरांची. ऊब नुसत्या कापडांत नसते, कापडांनीं कोंडून धरलेल्या हवेंत असते. म्हणून एका जाड कोटापेक्षां तीन हलके थर बरे : आंत लोंकरीची पातळ बंडी, मध्यें स्वेटर, आणि वर टोपीचा रेनकोट. घाटांतील वाऱ्यापुढें छत्रीचा निभाव लागत नाहीं. ज्यांस धोतर सोडवत नाहीं त्यांनीं आंत लोंकरी विजार घालावी. स्त्रियांनीं प्रवासापुरतें नऊवारी सुती लुगडें बाजूस ठेवून लवकर वाळणारें कृत्रिम धाग्याचें पातळ नेसावें. रंग एकमेकांस साजतील असे निवडले, म्हणजे दोन पातळें, दोन पोलकीं व एक स्वेटर एवढ्यांत तीन दिवस सुखानें निघतात. आणि प्रत्येकाचा एक कोरडा जोड, पायमोज्यांसह, प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून गाडीच्या आंत ठेवावा. मुक्कामीं पोंचेपर्यंत तो कोणींहि सोडूं नये.

हेंच बोचकें आगबोटीवरहि उपयोगी पडेल. हल्लीं कांहीं घरांतील वडील मंडळी परदेशीं असलेल्या मुलांबरोबर उन्हाळ्यांत अलास्काच्या किनाऱ्यानें जलप्रवास करितात. तेथील केचिकन गांवीं वर्षाकाठीं साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलै महिन्यांतहि गारठा असतो. नियम मात्र भीमाशंकरचाच.

वडील माणसें यात्रेस येईनाशीं झालीं, म्हणजे आपण त्यांच्या वयाकडे बोट दाखवितों. तत्पूर्वीं एकदां त्यांचें बोचकें सोडून पाहावें, अशी वाचकांस आमची विनंती आहे. आजीची धाबळी आम्हीं माळ्यावरून काढून तिला ऊन दाखविलें आहे. आणि यंदाच्या यादींत पहिलें नांव थोरल्या काकांचें लिहिलें आहे.